कंपासकाकांची गोधडी

फोनवर ते एक वाक्य कंपासकाका बोलले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण लेकीनं आधी तो घोडा दाखवला आणि काकांचा तोल गेला.

घोडा लाकडी होता. डुलणारा, पॉलिश केलेला, मानेवर खऱ्यासारखी दिसणारी आयाळ. लेक फोन घोड्याभोवती फिरवत म्हणाली, "बाबा, हा माझ्या सासऱ्यांनी केलाय. स्वतःच्या हातानं! नातीसाठी." घोड्याच्या मागे व्याही उभे होते. नुसते हसले, आणि तेच काकांना जास्त लागलं.

आता, ज्या नातीसाठी हा घोडा होता ती अजून धड बसतही नव्हती. बसवली की डावीकडे कलंडायची, डावीकडे उशी लावली की उजवीकडे. घोड्यावर बसायला तिला बराच अवकाश होता. हा मुद्दा काकांना सुचला, पण फोन ठेवल्यावर. त्या क्षणी त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

"अरे वा! मीसुद्धा तिच्यासाठी गोधडी शिवतोय. स्वतः. पुढच्या महिन्यात याल ना, तेव्हा तयार असेल."

मागे मटार सोलत बसलेल्या काकूंचा हात थांबला. घरात गोधडी तर नव्हतीच, पण काकांनी उभ्या जन्मात शर्टाचं बटणसुद्धा लावलेलं नव्हतं. बटण तुटलं की ते शर्ट काकूंसमोर धरून नुसते उभे राहत, आणि संसार सुरळीत चालत असे.

"अहो, काय बोलून बसलात?" फोन बंद झाल्यावर काकू म्हणाल्या.

"त्यात काय आहे? कापायचं आणि जोडायचं," काका म्हणाले.

काकांना बिल्डिंगमध्ये कंपासकाका म्हणत, कारण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले होते, आणि त्यातही पाइपांची वळणं. शहरातलं पाणी जिथे जिथे वळतं तिथे आपला कंपास आधी वळलेला आहे, असं ते पाहुण्यांना सांगत. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला, पाठोपाठ काकांचा निरोप समारंभ झाला, आणि कंपासाची पेटी कपाटात गेली. तेव्हापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं. ते भाजी निवडायला बसले तर काकू ती पुन्हा निवडत. नात मोठी झाल्यावर म्हणेल, हा घोडा त्या आजोबांनी केला. आणि या आजोबांनी काय केलं? हा प्रश्न काकांना भाजी निवडताना, आंघोळ करताना, पेपर वाचताना सारखा टोचत होता. हसण्यावारी न्यावं असं त्यांना यात काहीच दिसत नव्हतं.

साधे चौकोन जोडून शहाण्या माणसानं गोधडी केली असती. काकांना ते कमीपणाचं वाटलं. "चौकोन कोणीही शिवेल. मी वळणं शिवणार." त्यांनी कंपासाची पेटी काढली, पुठ्ठा घेतला आणि आराखडा मांडला. प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात पाव वर्तुळाचा तुकडा, उरलेल्या भागाला तितकाच बाक. असे चार चौकोन जवळ आणले की मधोमध पूर्ण वर्तुळ. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की काकूंनीसुद्धा तो हातात घेऊन उजेडात धरला.

मग त्यांनी माळ्यावरचं आपलं गाठोडं काढून दिलं. वर्षानुवर्षं साठवलेलं कापड होतं त्यात. लेकीच्या शाळेच्या फ्रॉकचं, जुन्या परकराचं, काकांच्या शर्टांच्या पाठींचं.

"एवढ्या चिंध्या!" काका खूश होऊन म्हणाले.

"चिंध्या म्हणायचं नाही. तुकडे म्हणायचं," काकू म्हणाल्या. "आणि कापायच्या आधी मला विचारा."

"अगं, अख्ख्या गावाची पाइपलाइन टाकताना मी कोणाला विचारलं नाही."

"म्हणूनच आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही," असं म्हणून काकू आत गेल्या.

काकांनी पुठ्ठ्याचा साचा कापडावर ठेवला, अणकुचीदार पेन्सिलीनं रेघ मारली आणि बरोब्बर रेघेवर कापलं. केसाचाही फरक नाही. जेवणाच्या टेबलावर तुकड्यांचे ढीग लागले. त्या दिवसांत घरात जेवण मांडीवर ताट घेऊन होत होतं. मग ते काकूंच्या मशीनवर बसले, पायडल मारलं, आणि मशीन उलटं फिरून दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. शेवटी काकूंनी ओवून दिला, तेव्हा काकांनी मशीनमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं.

पहिला चौकोन शिवून झाला, आणि तो चौकोन नव्हताच. मधे फुगा आला होता, कडेला सुरकुत्या, आणि टेबलावर ठेवला की तो टोपीसारखा उभा राहत होता. काकांना वाटलं, पहिलाच आहे, हात बसेल. हात बसला आणि टोप्यांची चळत झाली.

कंपासकाकांच्या जागी दुसरा कोणी असता तर दुसऱ्याच टोपीला थांबला असता. पण आराखडा बरोबर होता, कापणी बरोबर होती, तेव्हा कापडालाच कधीतरी शहाणपण सुचेल अशी त्यांची श्रद्धा होती.

मशीनचा खडखडाट ऐकून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई खाली आल्या. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण अजूनही कोणाच्या घरात शिरल्या की त्या आधी खिडकी उघडत. त्यांनी खिडकी उघडली, एक टोपी उचलली, उलटी केली आणि टाके पाहिले.

"काका, हे शिवलंय की कापडावर कुठला सूड उगवलाय?"

"आराखडा अचूक आहे," काका ताठपणे म्हणाले.

"माया कुठाय?" नर्सबाईंनी विचारलं.

काकांना काही कळेना. तेव्हा काकू, ज्या इतके दिवस हा प्रश्न विचारला जायची वाट बघत होत्या, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. शिवताना दोन्ही कडा आत जातात, म्हणून कापताना रेघेबाहेर बोटाच्या पेराएवढं कापड जास्त ठेवायचं असतं. त्याला माया म्हणतात. काकांनी ती कुठेच सोडलेली नव्हती. त्यामुळे आतला गोल शिवणीत लहान झाला होता, बाहेरचा बाक मोठा, आणि दोघं एकमेकांशी भांडत होते.

"पण रेघेला जाडी नसते!" काका कळवळून म्हणाले. "भूमितीत रेघेला जाडी नसते!"

"कापडाला असते," काकू म्हणाल्या.

"तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पाइपलाइन टाकताना कोणाला विचारलं नव्हतंत ना."

नर्सबाईंनी मग शिकवणी घेतली. आधी दोन्ही तुकड्यांचा मध्य शोधून तिथे टाचणी. मग दोन्ही टोकांना. मग मधेमधे. बाहेरच्या बाकाच्या कडेला कात्रीनं लहान लहान छेद, म्हणजे कापड ताणलं जातं आणि गोलाला निमूट बिलगतं. "घाई करायची नाही. ओढायचं नाही. पेशंट धरल्यासारखं धरायचं." काकांनी पेशंट धरला. संध्याकाळी चहाच्या वेळेला पहिला सपाट चौकोन तयार झाला. टेबलावर ठेवला, तो खरंच टेबलावर राहिला. काकांनी तो हातात घेऊन बिल्डिंगचे सगळे मजले चढून-उतरून दाखवला.

हीच चूक नडली. कारण त्यातल्याच एका मजल्यावर सेक्रेटरी राहत होते.

सेक्रेटरी म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, पूर्वीचे गणिताचे मास्तर. शाळा सुटली तरी त्यांचा लाल पेनाचा सराव सुटलेला नव्हता. त्यांनी चौकोन पाहिला, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराखालून एक नोटीस आत सरकली. 'आपल्या सदनिकेत शिलाईचा व्यवसाय चालत असल्याचे आवाजावरून दिसते. निवासी इमारतीत व्यवसायास परवानगी नाही. खुलासा करावा.'

काका आवेशात त्यांच्याकडे गेले. "अहो सर, नातीची गोधडी आहे!"

"मला माहीत आहे. मी पाहिलीय. पण मला माणूस म्हणून माहीत आहे, सेक्रेटरी म्हणून माहीत नाही. अर्ज करा."

काकांनी अर्ज केला. सोबत गोधडीचा आराखडा जोडला, प्रमाणात काढलेला, शाईत. अर्ज परत आला. आराखड्यावर लाल पेनानं गोल करून लिहिलं होतं: 'त्रिज्येचे एकक लिहिलेले नाही.'

हा घाव वर्मी बसला. आयुष्यभर वळणं काढलेल्या माणसाला एकक विसरलं म्हणून कागद परत! काकांनी दोन दिवस कंपासाची पेटीच उघडली नाही. काकूंनी शेवटी स्वतः 'सेंटीमीटर' असं बारीक अक्षरात लिहून अर्ज पुन्हा पाठवला, तेव्हा दुपारची झोप सोडून इतर वेळी मशीन चालवण्याची मुभा मिळाली.

एवढ्यात नवीन संकट आलं. कापड संपलं. निम्मं गाठोडं टोप्यांमध्येच गेलं होतं. काकांनी ऑफिसची जुनी पॅन्ट कापली. बैठकीच्या खोलीतला पडदा एका बाजूनं जरा जास्तच लांब आहे असं त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढे तो दोन्ही बाजूंनी जरा आखूड झाला. उशीच्या अभ्र्यांकडे ते ज्या नजरेनं बघू लागले, ती बघून काकूंनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन बाजारात गेल्या.

आणि नेमकं तेव्हाच काकांना खुर्चीवर घडी करून ठेवलेलं एक हिरवं कापड दिसलं. जाड, भरीव, सुंदर रंगाचं. एका कोपऱ्यात शाईचा डाग होता, पण तेवढं चालण्यासारखं होतं. काकांनी साचा ठेवला, माया सोडली (आता तिचा त्यांना कधीच विसर पडत नव्हता) आणि कात्री चालवली. गोधडीच्या मधोमध चार हिरवी पाव वर्तुळं बसली. काय शोभली म्हणून सांगू!

काकू परत आल्या. खुर्चीकडे बघितलं. टेबलाकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली.

"अहो, ते कापड कुठाय?"

"कुठलं? ते हिरवं? बघ ना, किती खुललंय—"

"ते कमिटीचं टेबलक्लॉथ होतं! सेक्रेटरींनी दुमड घालायला दिलं होतं माझ्याकडे!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सुचवलं की तसंच कापड बाजारातून आणू. काकू म्हणाल्या, शाईचा डाग कुठून आणणार? कारण तो डाग सेक्रेटरींच्याच लाल पेनाचा होता, आणि दर सभेत ते त्या डागावर पाण्याचा ग्लास ठेवत.

लपवायचं ठरलं. पण सेक्रेटरी मशीनचा आवाज मोजायला स्वतःच आले. त्यासाठी कुठलंसं ॲप घेतलं होतं त्यांनी फोनवर. फोनकडे बघता बघता त्यांची नजर टेबलावर गेली आणि तिथेच खिळली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. डाग गोलाच्या मध्याला अगदी चिकटून होता. काकांनी तो जरा जास्तच नीट बसवला होता.

"हे सोसायटीच्या मालकीचं आहे," सेक्रेटरी हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुःखच जास्त होतं. "रविवारी सभा आहे. रविवारी संध्याकाळी मी ते घ्यायला येईन. उसवून द्या."

आता रविवारी सकाळीच लेक, जावई, व्याही आणि नात येणार होते. मधला गोल उसवला तर गोधडीला भोक, म्हणून तो संध्याकाळपर्यंत तसाच ठेवायचं ठरलं. आणि अजून गोधडीची कड व्हायची होती!

कडेसाठी एक तुकडाही उरला नव्हता. उरल्या होत्या त्या फक्त टोप्या. आणि इथे काकांमधला मध्यमवर्गीय जागा झाला. एवढं कापड, एवढा दोरा, वाया कशाला घालवायचा? टोप्या मधल्या चौकोनांपेक्षा लहान होत्या, हे त्यांना दिसत होतं. पण ओढून, ताणून, जरा दाबून बसतील. नर्सबाईंनी ओढू नका म्हटलं होतं, ते त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि त्यांनी दुसरीकडे बघितलं.

चारी बाजूंना टोप्या लागल्या. खाली जुनी चादर, मधे कापूस, वर तो गोलांचा पसारा. काकूंनी धावदोऱ्यानं टाके घालायला हातभार लावला, कारण नवऱ्याचा राग असला तरी नात त्यांचीही होती. शनिवारी दुपारी गोधडी पूर्ण झाली. दोघांनी चार कोपरे धरून ती फरशीवर अंथरली.

ती अंथरलीच गेली नाही. कड आत ओढली गेली होती, चारी बाजू वर उचलल्या होत्या आणि मधे खोलगट झाली होती. फरशीवर एक भलीमोठी रंगीत परात ठेवल्यासारखं दिसत होतं. काकांनी एक बाजू दाबली, दुसरी वर आली. इस्त्री केली, कोपऱ्यांवर पाण्याच्या बादल्या ठेवल्या, स्वतः एका कडेवर बसले. उठल्याबरोबर गोधडीनं पुन्हा तोंड वर केलं.

नर्सबाई आल्या, पाहिलं, आणि पहिल्यांदाच खिडकी न उघडता परत गेल्या.

काका खुर्चीत बसून राहिले. "घोडा कसा उभा आहे बघ त्यांचा," ते म्हणाले. "चार पायांवर. आणि माझ्याकडून एक अंथरूण सपाट होत नाही." हे त्यांनी कुठलाही आव न आणता म्हटलं. काकूंनी त्यावर एकही टोमणा मारला नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं. त्या म्हणाल्या, "झोपा जरा. मी घडी करून ठेवते." पण घडीही होईना, तेव्हा त्यांनी ती तशीच सोफ्यामागे उभी करून ठेवली.

रविवारी पाहुणे आले. व्याह्यांनी जावयाच्या मदतीनं घोडा तीन मजले वर आणला, कारण लिफ्टमध्ये घोड्याची मान अडकत होती. घोडा खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि सगळे वा वा म्हणाले. काकाही म्हणाले. मनापासून म्हणाले, कारण घोडा खरंच छान होता, आणि तेच तर दुःख होतं.

नातीला घोड्यावर बसवलं. ती डावीकडे कलंडली. व्याह्यांनी धरलं. उजवीकडे कलंडली. मग पुढे झुकून तिनं घोड्याच्या मानेला तोंड लावलं आणि पॉलिशची चव आवडली नाही म्हणून भोकाड पसरलं. व्याही वरमले. "अजून जरा लहान आहे," असं ते दोनदा म्हणाले.

"बाबा, गोधडी कुठाय?" लेकीनं विचारलं.

"ती... ती थोडी राहिलीय गं."

"दाखवा तरी! रोज फोनवर नुसतं गोधडी, गोधडी." आणि लेकीला सोफ्यामागून एक रंगीत कड दिसली. तिनं ती ओढली. गोधडी फरशीवर आली आणि नेहमीप्रमाणे चारी बाजूंनी उचलून बसली. जावयानं खोकला काढला. व्याही निरखून बघायला लागले.

"अगं बाई, हा माझा शाळेचा फ्रॉक!" लेक खाली बसली. "आणि हा बाबांचा ऑफिसचा शर्ट! आणि पडदा! आई, पडदा का कापला?" असं म्हणता म्हणता, हात मोकळे व्हावेत म्हणून, तिनं रडणाऱ्या नातीला मधल्या हिरव्या गोलात ठेवलं.

नात डावीकडे कलंडली. गोधडीची डावी बाजू वर आलेलीच होती. तिनं तिला अलगद परत पाठवलं. ती उजवीकडे कलंडली. उजवी बाजूही तयार होती. मग पुढे, मग मागे. कुठूनही गोधडी तिला मधेच आणून सोडत होती. नातीनं रडणं थांबवलं. पाठ ताठ केली. दोन्ही तळहात हिरव्या कापडावर आपटले आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू हे इतके दिवस कोणाला सुचलं कसं नाही.

"बसली!" लेक ओरडली. "आधाराशिवाय बसली! बाबा, बघा ना!"

काका बघत होते. पण त्यांना नीट दिसत नव्हतं.

व्याही गुडघ्यांवर बसले. त्यांनी कडेवरून हात फिरवला, सुतार लाकडावरून फिरवतो तसा. "काय कल्पना आहे," ते म्हणाले. "घोडा करताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, की आधी तिला बसता यायला हवं. व्याही, हा बाक तुम्ही मुद्दाम काढलात?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पुन्हा ती परात.

"म्हणजे काय!" काकू म्हणाल्या. "पाइपांची वळणं काढण्यात जन्म गेलाय त्यांचा. कंपास घेऊन सगळं आधी कागदावर काढलं होतं. मी स्वतः बघितलंय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू नातीकडे बघत होत्या, अगदी निरागस चेहऱ्यानं. इतक्या वर्षांच्या संसारात काकांना त्यांचा एवढा आधार कधी वाटला नव्हता. ते खुर्चीला धरून खाली बसले, गोधडीच्या कडेला, आणि नातीनं त्यांचा अंगठा धरला.

आणि तेव्हा उघड्या दारातून खाकरल्याचा आवाज आला. सेक्रेटरी संध्याकाळची वाट न बघता आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी नातीकडे पाहिलं, तिच्या खालच्या हिरव्या गोलाकडे पाहिलं, नेहमी पाण्याचा ग्लास ठेवत त्या लाल डागाच्या जागेकडे पाहिलं. आता त्या डागावर नात बसली होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं, मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "टेबलक्लॉथ वापरात आहे असं सभेत सांगतो. फक्त एक विचारायचं होतं, वहिनी. सगळं आधी कागदावर काढलं होतं म्हणता. मग त्यात आमचं टेबलक्लॉथही काढलेलं होतं का?"

काकू क्षणभरही अडखळल्या नाहीत. "हो तर," त्या म्हणाल्या. "एककासकट."